हिरवी अठरा

राखाडी सोळा, हिरवी अठरा, गुलाबी वीस, निळी बावीस,
पिवळी चोवीस, ती तान्ह्या बाळाची.
तुळसा गावित पाढे म्हणावेत तशी म्हणते.
सुरगाण्याची पोर, जीएनएमचं दुसरं वर्ष,
कॅज्युअल्टीतली पहिली रात्रपाळी.
मी म्हणते, रंग पाठ झाले ना, आता शीर शोध.
डोळ्याला दिसते ती पळते,
बोटाला लागते ती थांबते.

पितृपक्ष. रात्रीचा एक.
सातपूरहून एक बोट आलंय, प्रेस मशीनमध्ये सापडलेलं,
बोटासोबत सहा जण, सहाही जणांचा आवाज एकच.
द्वारका चौकातून दोघं, एक हेल्मेट, तेही हँडलला अडकवलेलं.
पाच नंबरला छातीत दुखतंय,
त्याला मी तीनदा विचारलंय आणि तीनदा तो म्हणालाय, गॅस.
बीपीचं यंत्र एक. हातमोजे फक्त मोठ्या मापाचे.
ट्रॉलीचं डावं चाक गेल्या दिवाळीपासून रुसलेलं.
संध्याकाळी आठला प्यालेलं पाणी
अजून आत घेऊन मी फिरतेय.

तेवढ्यात हरसूलकडून जीपमधून सोमा भोये.
पोटात दुखतंय, बाकी काही नाही.
कुठं चावल्याची खूण नाही, सूज नाही.
आमचे डॉक्टर चौतीस तास जागे, म्हणाले,
अ‍ॅसिडिटीचं द्या, सकाळी बघू.
मी तुळसाला म्हटलं, लाव सलाईन, हिरवी घे.
तिचा हात थरथरला. शीर फुटली. निळा फुगवटा.
सहा जणांतला एक म्हणाला,
शिकाऊ पोरी पाठवतात आमच्या जिवावर.
मी कापूस दाबून धरला. तिच्याकडे बघितलं नाही.
बघितलं असतं तर रडली असती.

ती सोमाच्या बायकोजवळ जाऊन बसली.
त्यांच्या बोलीत काहीतरी विचारू लागली.
मला चारच शब्द कळले,
भुई, रात, पोट, डोळं.
मग ती उठली आणि माझ्या बाहीला धरलं.
सिस्टर, हा झोपलेला नाही.
त्याला डोळे उघडायचेत, पापण्या उचलत नाहीत.
रात्री जमिनीवर निजला होता.
आमच्याकडे मण्यार अशीच येते,
चावते ते कळतसुद्धा नाही.

काचेच्या नळीत रक्त, वीस मिनिटं.
गोठलं.
म्हणजे विष रक्ताचं नाही, नसांचं.
डॉक्टरांची झोप तिथंच उडाली.
दुसरी हिरवी मी लावली,
दहा कुप्या गेल्या,
तरी श्वास उथळ होत गेला,
भांड्याच्या तळाचं पाणी वाटीनं काढावं तसा.
नळी घातली. आयसीयूत मशीन नाही, सहाला एक सुटेल.
मग अँब्यू बॅग तुळसाच्या हातात.
दाब. एक, दोन, तीन, चार, पाच. दाब.
मोठ्या मापाच्या मोज्यांत तिची बोटं पोहत होती.
कुणी म्हणालं, बदलू का?
तिनं फक्त मान हलवली, आकडा चुकू नये म्हणून.

पाच नंबरचा गॅस दरम्यान ईसीजीवर उमटला,
तो वेगळाच किस्सा, तो नंतर.

सहा दहाला सोमा वर गेला, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर.
पुढचं मला माहीत नाही.
आम्हाला सहसा पुढचं माहीत नसतं.
बोटवाल्यांनी तक्रारवहीत लिहिलं,
चाळीस मिनिटं कुणी ढुंकून पाहिलं नाही.
खरं आहे. मी खाली वेळ घातली, सही केली.

तुळसा तिची प्रात्यक्षिकाची वही घेऊन आली.
रकाने तीन: पाहिलं, मदत केली, स्वतः केलं.
सिस्टर, कॅन्युला कशात लिहू? फसली ना.
मी म्हटलं, मदत केली.
पापण्यांना त्या वहीत ओळच नव्हती.
समासात मी माझ्या हातानं लिहिलं, सोमा भोये, पापण्या,
आणि पुढे सगळ्यात खालच्या दर्जाचा तो शब्द:
पाहिलं.

तिचं तोंड जरा उतरलं.
असू दे. कळेल तिला.
त्र्यंबक रोडला चहाची पहिली टपरी उघडली होती,
आणि मला आधी, सगळ्याच्या आधी,
बाथरूमला जायचं होतं.